हात उचलणारी राजश्री

रविवारची दुपार होती. सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये कुकर लावून मी कोशिंबिरीची काकडी चोचवत होते, तेवढ्यात तेजश्रीचा फोन आला. तेजश्री म्हणजे राजश्रीची धाकटी बहीण. एरवी ती मला फक्त दिवाळीला मेसेज करते. "मुग्धाताई, आक्का गेली," ती म्हणाली. कशी गेली, ते तिने चार वाक्यांत सांगितलं. कोल्हापूरजवळच्या त्यांच्या गावात, एसटी स्टँडसमोर, भर दुपारी एक वडापवाला, म्हणजे खासगी जीपमधून प्रवासी नेणारा, आपल्या बायकोला मारत होता. राजश्री स्कूटर लावून मधे पडली. त्याने जीपमधली टॉमी, टायर खोलायची ती लोखंडी पहार, काढली आणि तिच्या डोक्यात घातली. तीन दिवस ती आयसीयूत होती. फोन ठेवल्यावर मी काय केलं हे मला नीट आठवत नाही. हातात पातेल्यावरचं झाकण होतं, ते मी ओट्याच्या कडेवर आपटत राहिले, एवढं खरं. झाकण पार दुमडून गेलं, तेव्हा माझी आठ वर्षांची मुलगी दारात कानांवर हात ठेवून उभी होती. "ममा, डोन्ट लाइक दॅट लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "यू आर स्केअरिंग मी."

आमच्या घरात कुणी असं करत नाही. मी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका ऑफिसात काम करते, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांकडे बघून मान हलवते आणि राग आला तर ईमेल दोनदा वाचून मग पाठवते. पण रागाने आंधळं होणं कसं असतं हे मी फार जवळून पाहिलं होतं. चौदा वर्षांपूर्वी, याच पासिर रिसमध्ये, दोन खाटांच्या एका खोलीत.

आम्ही दोघीही मास्टर्ससाठी सिंगापूरला आलो होतो. मी पुण्याची, ती कोल्हापूरकडची. बाराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटची मालकीण एक साठीची चिनी विधवा बाई होती, तिला आम्ही नुसतं आंटी म्हणायचो. मी आधी येऊन खिडकीकडची खाट धरली होती. दुसऱ्या दिवशी दार वाजलं आणि बाहेरून खणखणीत आवाज आला, "उघड की, मी आलो." मी दार उघडलं, समोर दोन बॅगा घेतलेली एक मुलगी उभी होती, आणि मी तिच्या मागे कोण पुरुष आलाय ते बघायला लागले. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असं 'मी आलो, मी गेलो' बोलतात हे मला ऐकून माहीत होतं, पण प्रत्यक्ष कानावर पडलं नव्हतं. राजश्री कबड्डी खेळायची. राज्य पातळीपर्यंत खेळली होती. दोन्ही गुडघ्यांवर जुन्या जखमांचे काळे डाग होते आणि डाव्या हाताची करंगळी मोडून वाकडी बसलेली होती. ती करंगळी ती दागिन्यासारखी दाखवायची.

पहिल्या आठवड्यातच तिने मला विचारलं, "इथं कुणी भांडत कसं न्हाई गं?" मला तो प्रश्न विनोदी वाटला. मला तर त्या शांततेने हायसं वाटत होतं. लिफ्टमध्ये कुणी बघत नाही, रस्त्यात कुणी हाक मारत नाही, एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, सगळे आपापल्या फोनमध्ये. राजश्रीचा मात्र त्या शांततेत जीव घुसमटायचा. तिच्या गावात भांडण तोंडावर व्हायचं, प्रसंगी हातघाईवर यायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दोन घरांत चहा व्हायचा. इथे लोक तिच्यावर नाराज असायचे आणि ते तिला कळायचंच नाही. एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या मोठ्या मंडपात, रिकाम्या टेबलावर कुणाचं तरी टिश्यूचं पाकीट पडलं होतं. तिने ते बाजूला सरकवलं आणि बसली. टिश्यू ठेवणं म्हणजे जागा धरणं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एक माणूस ट्रे घेऊन आला, एक शब्द न बोलता तिच्या ताटाशेजारी उभा राहिला आणि तिच्याकडे नुसता बघत राहिला. आजूबाजूचेही बघायला लागले. शेवटी राजश्रीने उठून त्याचा ट्रे दोन्ही हातांनी असा ढकलला की सगळं सूप त्याच्या शर्टावर. "बोल की तोंडानं!" ती मराठीत ओरडली. तो माणूस तरीही बोलला नाही. शर्ट झटकत निघून गेला. मी हात धरून तिला बाहेर काढलं आणि घरी येईपर्यंत तिला नियम समजावून सांगितले, पुणेरी सुरात, शहाण्यासारखे.

कॉलेजात तिचं आणखी वाईट चाललं होतं. पाच जणांचा प्रोजेक्टचा ग्रुप होता. इतर चौघं भराभर बोलायचे, अर्धं इंग्रजी, अर्धं आपसातल्या भाषेत. राजश्रीचं गणित त्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं, पण तिने तोंड उघडलं की ते एकमेकांकडे बघायचे. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी त्यांच्यातला एक जण तिला म्हणाला, "यू नो नीड टॉक लाह, वी प्रेझेंट." अगदी हसून, मदत केल्यासारखं. घरी येऊन तिने कपाटाच्या दारावर बुक्क्या मारल्या. मी तिच्या बोटांच्या सांध्यांवर बर्फ लावत होते आणि ती म्हणत होती, "एकानं तरी शिवी द्यायची गं. एक शिवी. मग मला कळलं असतं काय करायचं." आणखी एक गोष्ट इथे लिहून टाकायला हवी. एकदा कँटीनमध्ये तिच्या ग्रुपमधली एक मुलगी तिची नक्कल करत होती, 'मायसेल्फ राजश्री' असं मान ताठ करून. मी शेजारच्या टेबलावर होते. मीही हसले. राजश्री रांगेत पाठमोरी उभी होती. तिने पाहिलं असेल असं मला वाटलं नाही.

मग मसाल्याचा प्रकार झाला. तिच्या आईने कांदालसूण मसाल्याची बरणी बरोबर दिली होती. राजश्री भातावर, ब्रेडवर, नूडल्सवर, कशावरही तो घालायची. तेवढंच तिला घरचं होतं. आंटीला तो वास सहन होत नसे. एका शनिवारी सकाळी आम्ही कपडे वाळत घालून आत आलो, तर आंटी स्वयंपाकघरातल्या चुटचं, म्हणजे कचरा थेट तळमजल्यावर टाकायच्या नळीचं, झाकण लावत होती. बरणी बारा मजले खाली गेली होती. "स्पॉइल्ड ऑलरेडी," आंटी म्हणाली. राजश्रीने तिचं मनगट पकडलं. ती म्हातारी बाई कळवळली, गुडघ्यावर आली, तरी राजश्री सोडेना. मी मागून तिला मिठी मारून ओढलं, तिने मला एका हाताने फेकलं, माझं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. रक्त बघून ती थांबली. आंटीच्या मनगटावर चार बोटं उमटली होती. आंटीने पोलिसांना बोलावलं नाही, आम्हाला बाहेरही काढलं नाही. संध्याकाळी तिने माझ्या कपाळाला कसलंसं पिवळं तेल लावलं, आणि राजश्री कोपऱ्यात उभी राहून "सॉरी आंटी, सॉरी आंटी" म्हणत राहिली. त्यानंतर मात्र मी राजश्रीला घाबरायला लागले. ती मोठ्याने हसली तरी माझे खांदे आखडायचे.

आणि तरी, ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी ती माझ्यासाठीच धावली होती.

दुपारचे चार वाजले असतील. आम्ही वर्गातून परत येत होतो. पासिर रिस स्टेशनच्या सरकत्या जिन्यावरून मी खाली उतरत होते, राजश्री माझ्या तीन पायऱ्या मागे. आमच्या दोघींच्या मधे एक माणूस होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचा पास. त्याने आपली बॅग खाली, माझ्या स्कर्टजवळ धरली होती आणि बॅगेच्या फटीतून फोनचा कॅमेरा वर रोखलेला होता. हे मला नंतर कळलं. मला आधी ऐकू आली ती राजश्रीची आरोळी. या देशात आल्यापासून पहिल्यांदा ती पूर्ण आवाजात ओरडली होती. तो माणूस मला धक्का देऊन खाली पळाला. ती जिन्याच्या पायथ्याशी त्याच्या घोट्यावर झेपावली, कबड्डीत चढाईवाल्याला धरतात तशी, आणि तो तोंडावर आपटला. गालाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग तिने त्याला खांबामागे ओढलं. फोन अजून त्याच्या मुठीत होता. तिने त्या मुठीवर टाच ठेवली आणि पाय उचलून खाली आणला. परत उचलला, परत आणला. तो "सॉरी, सॉरी" म्हणत होता, मग त्याचे शब्द संपले आणि नुसता आवाज येत राहिला. मी मोजत होते. का मोजत होते, ते मला आजही सांगता येत नाही. मी "राजी, सोड, सोड त्याला" म्हणत तिच्या खांद्याला हात लावला, तर तिचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि ओठ फाटला. भोवती माणसं उभी होती. कुणी ओरडलं नाही. दोन-तीन जणांनी फोन वर धरले होते.

सात वेळा. तीन बोटं मोडली होती.

पोलीस स्टेशनच्या बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. तिचा बूट त्यांनी काढून घेतला होता. ती खाली बघून हळूच म्हणाली, "मुग्धा, एवढंच सांग. तो उठून परत अंगावर आला. बास." खांबामागचं कॅमेऱ्यात दिसत नव्हतं, फोनवाल्यांनीही फक्त पाठी टिपल्या होत्या. मी आत गेले. जबाब घेणारी बाई मलय होती, माझ्याच वयाची, फार सौम्य. तिने मला आधी ओठाला लावायला बर्फ दिला, कोमट चॉकलेटी मायलो प्यायला दिला, तो माणूस माझ्याशी जे वागला त्याबद्दल सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, खाली पडल्यावर तो परत उठला का? त्या क्षणी माझ्या मनात काय काय होतं, ते मी नंतर कितीदा तरी तपासलं आहे. माझा स्टुडंट पास जाईल ही भीती होती. खोटं बोलू नये हेही होतं. आणि मला तिची भीती वाटत होती, ती माझ्या खोलीत नको होती, हेही होतं... मी म्हणाले, "नाही. तो उठला नाही."

त्या माणसाला शिक्षा झाली. राजश्रीलाही झाली, सहा महिन्यांची. पण त्याआधी दोन महिने खटला चालला, तिचा पासपोर्ट पोलिसांकडे होता, आणि आम्ही दोघी त्याच खोलीत, त्याच दोन खाटांवर राहत होतो. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. एका सकाळी मी आंघोळ करून आले, तर ती खाटेवर बसून माझा तो स्कर्ट फाडत होती. सावकाश, हातांनी, एकेक पट्टी. सगळा फाडून झाल्यावर उठली, चुटचं झाकण उघडलं आणि पट्ट्या खाली सोडल्या. मी काही बोलले नाही. तोवर मी या देशासारखी गप्प राहायला शिकले होते, असं आता वाटतं.

तुरुंगात मी तिला एकदाच भेटले. काचेपलीकडे ती, कानाला रिसीव्हर. केस कापले होते, चेहरा भरला होता. मी रडायला लागले तर म्हणाली, "रडतीस कशाला? बरं हाय इथं. काय करायचं, काय न्हाई, सगळं पहिल्याच दिवशी सांगितलं. बाहेर कुणी सांगितलं न्हाई." मग म्हणाली, "तू खरं बोललीस. बरं केलीस म्हणायला माझी जीभ वळत न्हाई अजून. परत येऊ नकोस." सुटल्यावर तिला थेट विमानात बसवून परत पाठवलं. पदवी अर्धीच राहिली. आंटीने तिची उरलेली बॅग माझ्याकडून भरून घेतली, आणि शेवटी स्वतः जाऊन दुकानातून आणलेलं लाल तिखटाचं पाकीट त्यात वर ठेवलं.

चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. मी इथेच नोकरीला लागले, लग्न झालं, पीआर म्हणजे इथली कायमची रहिवासी झाले. मग एकदा सुट्टीत कोल्हापूरला एका लग्नाला गेले असताना धीर करून तिच्या गावी गेले. शाळेच्या मैदानावर ती मुलींना कबड्डी शिकवत होती. मला बघून तिने शिट्टी वाजवली, मुलींना पाणी प्यायला पाठवलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही मारणार. "जाड झालीस," ती म्हणाली. आम्ही मैदानाच्या कडेला कठड्यावर बसलो. तिने आपणहून विषय काढला. "त्याची बोटं मोडताना मला तो दिसतच नव्हता गं. तो प्रोजेक्टवाला दिसत हुता. आंटी दिसत हुती. ते टिश्यूवालं मुकं... आणि तू." मी विचारलं, मी का? "कँटीनमध्ये हसलीस की. स्टीलच्या काउंटरमध्ये दिसलीस मला." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने वाकड्या करंगळीचा हात वर केला. "ऱ्हाऊ दे. मोजत हुतीस न्हवं तू? किती?" मी सांगितलं, सात. तिने मान हलवली. "मला चारच आठवतात. त्याचा आवाज मातर सगळा आठवतो. रोज. त्या दिवसापासनं कुणावर हात उचलला न्हाई मी. पोरींनाबी हेच सांगतो. धरायचं. मारायचं न्हाई."

त्यानंतर ती माझी मैत्रीण झाली, खऱ्या अर्थाने तेव्हाच झाली. दर महिन्याला फोन व्हायचा. माझी मुलगी इंग्रजीतच बोलते म्हणून ती तिला फोनवर मुद्दाम शिव्या शिकवायची. मला कुणी ऑफिसात गोड हसून बाजूला सारलं की मी राजश्रीलाच सांगायची, आणि ती विचारायची, "तोंडावर बोललीस का?" बहुतेक वेळा मी बोललेली नसायची.

ती गेल्यावर दहाव्या दिवशी मी गावी पोचले. तिथे मला तेजश्रीने उरलेलं सांगितलं. स्टँडसमोरच्या पानपट्टीवाल्याने सगळं पाहिलं होतं. राजश्रीने त्या वडापवाल्याचं उजवं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ती त्याला सारखी सांगत होती, "शांत हो, भावा, शांत हो." तो तिला लाथा मारत होता, थुंकत होता, डोक्याने तिच्या तोंडावर धडका देत होता. तिचं नाक फुटलं होतं. तिने मनगट सोडलं नाही आणि एकदाही हात उचलला नाही. त्याने डाव्या हाताने जीपमधली टॉमी ओढली. "एक दिली असती तर वाचली असती," तेजश्री म्हणाली. "आक्काची एक बसली तर गडी उठत नव्हता, ताई. का न्हाई मारलं तिनं?" पोलीस स्टेशनातल्या त्या सौम्य बाईच्या टेबलापाशी मी जे बोलले, त्यामुळे राजश्री तुरुंगात गेली आणि तिथे तिने स्वतःचा हात बांधून घेतला, असं मला वाटतं. कधी वाटतं, हा माझाच अहंकार आहे, तिने जे ठरवलं ते तिचं तिने ठरवलं. मी अजून एका बाजूला आलेले नाही, येईन असंही वाटत नाही.

तेराव्याच्या दिवशी अंगणात माणसं बसलेली असताना फाटकातून एक बाई आत आली. वय पंचविशीचं असेल. डोळ्याभोवती निळं-पिवळं, एक हात प्लॅस्टरमध्ये. त्या वडापवाल्याची बायको, शोभा. अंगणातलं बोलणं थांबलं. राजश्रीची आई उठली, सरळ तिच्यापाशी गेली आणि तिच्या तोंडात मारली. मग दुसरी मारली. कुणी अडवलं नाही, मीही नाही. शोभा हलली नाही. "आणखी मारा," ती म्हणाली. आईचा हात वर गेला, तसाच हवेत राहिला. मग त्याच हाताने आईने तिचा दंड धरला आणि तिला ओढत घरात, राजश्रीच्या खोलीत नेलं. थोड्या वेळाने आतून हाक आली, "तेजा, ताट आण गं."

दोन दिवसांनी सकाळी शोभाच्या सासरचे लोक दोन जीपगाड्या भरून आले. तिला न्यायचं होतं, कारण ती नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार झाली होती. फाटकाच्या आत राजश्रीच्या कबड्डीच्या मुली उभ्या राहिल्या, अकरा जणी, एकमेकींचे हात धरून. बाहेरून शिव्या आल्या, दगड आले, एकीच्या भुवईतून रक्त आलं. मुलींनी हात सोडले नाहीत. मी आई आणि शोभाबरोबर आत होते आणि पोलिसांना फोन लावत होते, ओरडून, मराठीत, जेवढा आवाज होता तेवढ्या आवाजात. पोलीस अर्ध्या तासाने आले.

आता मी परत पासिर रिसला आहे. शोभा अजून त्याच घरी आहे. तेजश्री सांगते, ती राजश्रीच्या खाटेवर झोपते, राजश्रीच्या ट्रॅकपँट घालते, लांब होतात म्हणून खालून दुमडते. भिंतीवरची पदकं आईने उतरवली नाहीत, शोभा ती रोज पुसते. पहिले काही दिवस अंगणात कुणी पाऊल टाकलं तरी ती खाटेखाली जाऊन बसायची. त्या खोलीला आधी कडी नव्हती. राजश्रीला कधी लागलीच नव्हती. गेल्या आठवड्यात आईने सुताराला बोलावलं आणि दाराला आतून एक जाड लोखंडी कडी बसवून घेतली.